मलकापूरची रविवारची बैठक

भुसावळहून सकाळच्या गाडीने निघाले की वरणगाव, बोदवड अशी स्थानके मागे पडतात आणि थोड्याच वेळात बुलडाणा जिल्हा लागतो. खानदेश संपून वऱ्हाड सुरू झाल्याची पाटी रुळांशेजारी आम्हाला कधी दिसली नाही. डब्यातल्या बायकांच्या बोलण्याचा हेल बदलला की आपण समजायचे. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच पऱ्हाटी. पश्चिमेकडून येणाऱ्याला विदर्भातले पहिले मोठे गाव म्हणजे मलकापूर. नळगंगेच्या काठचे, कापसाच्या व्यापारावर वाढलेले. नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला १८६७ साली, आणि तेव्हापासून या गावाच्या पोटातून माणसे आणि माल एकसारखे ये-जा करत आहेत. गावाजवळून सुरत-कोलकाता महामार्गही जातो. इथून कुठेही जाणे सोपे आहे. परत येणे मात्र सगळ्यांनाच सोपे जात नाही, हे आम्हाला या खेपेला जवळून पाहायला मिळाले.

आम्ही दोघी नणंद-भावजय. मलकापुरात आमच्या खाला राहतात. त्यांच्या गुडघ्याचे निमित्त करून चार दिवस राहायला गेलो. रविवारी जोहरची नमाज झाल्यावर खालांनी बुरखा चढवला, काठी घेतली आणि म्हणाल्या, “चला, तुम्हाला आमची कचेरी दाखवते.”

कचेरी म्हणजे शिंप्यांच्या गल्लीतली एक खोली. आठवडाभर तिथे मुलांची शिकवणी चालते, रविवारी ती रिकामी असते. भिंतीवर फळा, त्यावर शनिवारचे बीजगणित तसेच राहिलेले. बाके भिंतीला लावलेली, मध्ये एक टेबल, टेबलावर पुठ्ठ्याच्या फायली आणि एक जुना लॅपटॉप. टेबलामागे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक. सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतात. त्यांच्या शेजारी झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान चालवणारा एक तरुण, आणि दाराजवळच्या बाकावर तिशीच्या आतली एक मुलगी, जिच्याबद्दल पुढे लिहू. या बैठकीला नाव नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. असरच्या अजानपर्यंत दार उघडे असते, ज्याला यायचे त्याने यावे.

आम्ही बसलो तेवढ्या वेळात पहिल्यांदा आला रेशनकार्डावरून नाव कमी झालेला एक म्हातारा. मग शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन दोन मुले. मग उत्पन्नाचा दाखला. आमच्या मनात आले, हे तर गावोगावच्या सेतू केंद्रात चालते, खालांनी आपल्याला इतक्या उन्हात कशाला आणले? तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवले. सरांनी ते उघडले, तर आत घडी घातलेला व्हिसाचा कागद होता. बाई काही बोलल्या नाहीत. सरही काही बोलले नाहीत. त्यांनी कागद सरळ केला आणि वाचायला घेतला.

खालांनी हळूच सांगितले तेव्हा आम्हाला उलगडा झाला. परदेशी घरकामाला, म्हाताऱ्यांच्या सेवेला, लहान मुले सांभाळायला गेलेल्या मुलींच्या आया इथे येतात. पण ‘परदेशात अडकलेल्यांसाठी मदत’ अशी पाटी लावली असती तर एकही आली नसती. गल्लीतल्या शिंप्याने पाहिले असते, संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झाले असते. रेशनकार्डाच्या टेबलावर कोण कशासाठी आले ते कोणी विचारत नाही. सरांनी हे ठरवून केले की आपोआप झाले, कोण जाणे. आम्हाला तर ही त्यांची सर्वांत मोठी हुशारी वाटली.

कोकणातल्या आपल्या वाचकांना आखात नवे नाही. तिथे आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या जाऊन आलेली घरे आहेत. कफील म्हणजे कोण, इकामा कशाला म्हणतात, कोणत्या कागदावर सही करायची नाही, हे तिथल्या आजीलाही ठाऊक असते. आमच्या या भागात तसा अनुभव मुरलेला नाही. आणि त्यातून घरकामाला जाणाऱ्या बाया सगळ्यात एकट्या. कंपनीत गेलेल्या पुरुषाला निदान बराकीत दहा माणसे बोलायला असतात. घरात काम करणारी, जिला तिकडे ‘खद्दामा’ म्हणतात, ती एका दाराच्या आत असते आणि दाराची किल्ली दुसऱ्याकडे.

दारापाशी बसलेल्या त्या मुलीची हकीकत अशी. नाव आम्ही लिहीत नाही, तिने विनंती केली नसती तरी लिहिले नसते. शिक्षण आठवीपर्यंत. लग्न झाले, दोन वर्षांत माहेरी परत आली, पदरात एक मुलगा. वय सव्वीस. नात्यातल्याच एकाने सांगितले, दुबईत एका आजारी म्हातारीची देखभाल करायची आहे, घर चांगले, माणसे नमाजी, पगार अमुक. व्हिसा आला, तिकीट आले. रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने ती मुंबईला गेली आणि तिथून दुबईला. तीन दिवस एका खोलीत आठ-नऊ बायांबरोबर ठेवले. मग गाडीत बसवून सरहद्दीपलीकडे ओमानमध्ये नेले. आजारी म्हातारी होती, हे खरे. पण तिच्याबरोबर अकरा माणसांचे घर होते, तीन मजल्यांचे, आणि रात्री म्हातारीच्या उशाशी जागणे वेगळे. पासपोर्ट पहिल्याच दिवशी घेतला. चार महिने पगार नाही. ‘मला घरी जायचे आहे’ म्हटल्यावर मालक म्हणाला, मी तुझ्यासाठी एजंटला पैसे मोजले आहेत, ते परत कर आणि जा.

यात मालकाला दोष द्यावा तितका थोडा. पण पुढची गोष्ट आम्ही सरांकडून नीट समजून घेतली, कारण फास तिथे नाही, इथे आवळला गेला होता.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट ‘ईसीआर’ प्रकारचा असतो. म्हणजे सौदी, कुवेत, अमिराती, ओमान, कतार, बहरीन यांसह एकूण १८ देशांत नोकरीला जायचे असेल तर आधी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी कार्यालयाची मंजुरी लागते. मालकाचा करार तपासला जातो, विमा काढला जातो. ईसीआर पासपोर्टच्या तीस वर्षांखालील बाईला या देशांत घरकामाला जायची मंजुरीच मिळत नाही. तीस पूर्ण झालेल्या बाईलाही २०१६ पासून खासगी एजंटामार्फत जाता येत नाही, सरकारने नेमलेल्या राज्य सरकारी संस्थांमार्फतच जावे लागते. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण सव्वीस वर्षांच्या, घरात कमावते माणूस नसलेल्या बाईसाठी सरळ दार बंद झाले आणि बाजूची खिडकी उघडी राहिली. ती खिडकी म्हणजे व्हिजिट व्हिसा. फिरायला जाणाऱ्याला कसली मंजुरी लागणार? एजंट तिला विमानतळावर बोलायला शिकवतो, ‘बहिणीकडे चालले आहे.’ आणि एकदा ती पाहुणी म्हणून गेली की कामगार म्हणून तिचा करार नाही, विमा नाही, सरकारी दप्तरात तिच्या नोकरीची नोंद नाही. व्हिसाची मुदत संपली की उलट तीच गुन्हेगार.

आम्हाला विचाराल तर बंदी घालून गरज थांबत नाही. ती फक्त अंधारात जाते. तीस वर्षांच्या नियमाबद्दल जाणकारांत दोन मते आहेत, पण त्या बाकावर बसलेल्या मुलीकडे पाहिल्यावर आमचे एकच झाले.

तिची आई पहिल्यांदा या बैठकीत आली तेव्हा मुलीचा फोन बंद होऊन तीन आठवडे झाले होते. सरांनी विचारले, पासपोर्टचा नंबर? मालकाचे नाव? गाव कोणते? आईला यातले काही सांगता येईना. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण तिने एक काम केले होते. पोरगी जायच्या आदल्या दिवशी मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स काढायला दुकानात गेली होती, तेव्हा पोरीच्या पासपोर्टचीही एक काढून घेतली होती, आणि ती पिठाच्या डब्याखाली ठेवली होती. “मले वाचता येत नाही, पण कागद हाये,” ती म्हणाली म्हणे. सर सांगतात, त्या एका कागदावर सगळे उभे राहिले.

परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ नावाचे पोर्टल २०१५ पासून आहे. परदेशात अडचणीत असलेल्या भारतीयाच्या वतीने घरच्या माणसाला त्यावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती संबंधित दूतावासाकडे जाते. झेरॉक्सवाल्या तरुणाने ती भरली. तोवर मुलीने म्हातारीच्या नातीच्या फोनवरून एकदा आईला मेसेज केला होता. त्या नंबरवर ‘लोकेशन पाठव’ एवढेच सांगायला आठ दिवस योग्य वेळेची वाट पाहावी लागली, कारण मेसेज दुसऱ्याच कुणाच्या हाती पडला असता तर तोही मार्ग बुडाला असता. लोकेशन आले. मग दूतावास, तिकडची पोलीस चौकी, मालकाशी बोलणी. दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. अडलेल्या माणसाची राहण्याची सोय, परतीचे तिकीट, प्रसंगी दंड, यासाठी त्यातून खर्च करता येतो. ती त्या निधीतून आली. तक्रार केल्यापासून पाच महिन्यांनी.

चार महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. मजुराच्या मजुरीबद्दल पैगंबर साहेबांची शिकवण काय आहे हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. त्या तीन मजली घरातही ती पाठच असणार.

आल्यावर काय झाले ते ऐकणे आम्हाला जास्त जड गेले. गाडी मलकापूरला उतरवते अपरात्री. आई आणि सर स्टेशनवर होते. तिने घरी आल्यावर दोन महिने उंबरा ओलांडला नाही. भेटायला आलेल्या बाया विचारायच्या, काय काय आणले? आणि न विचारता डोळ्यांनी दुसरेच विचारायच्या, परक्या घरात कशी राहिलीस? तिच्या धाकट्या बहिणीचे ठरत आलेले स्थळ थोडे थांबले. जो एजंट तिला घेऊन गेला, तो मात्र त्याच आठवड्यात एका वलिम्यात पहिल्या पंगतीला बसला होता. आपल्यात फसलेल्या बाईने तोंड लपवायचे आणि फसवणाऱ्याला ‘आइए भाई, बैठिए’. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही, वाटला तर तो ज्यांनी त्याला जेवायला बसवले त्यांना वाटावा.

खाला रोज तिच्या घरी जाऊन बसायच्या. उपदेश न करता, मेथी निवडत. एक दिवस म्हणाल्या, “माझे डोळे गेले, त्या खोलीत कागद वाचायला माणूस नाही. चल माझ्याबरोबर.” खालांची नजर अजून सुई ओवण्याइतकी साफ आहे. आता ती दर रविवारी त्या बाकावर असते. तिला इंग्रजी येत नाही, पण व्हिसाच्या कागदावर ‘व्हिजिट’ कुठे लिहिलेले असते आणि ‘एम्प्लॉयमेंट’ कुठे, ते तिला बरोबर ठाऊक झाले आहे. रेशनकार्डात कागद लपवून आणणाऱ्या बाईजवळ ती जाऊन बसते. त्या दिवशीही बसली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आले नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि मग पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला.

नकाशावर पाहिले तर मलकापूरची अडचण लगेच लक्षात येते. पासपोर्टचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला, पूर्वेकडे साडेतीनशे किलोमीटर. प्रोटेक्टरचे कार्यालय मुंबईला, पश्चिमेकडे पाचशे. नोकरीच्या कागदांत काही खोट आहे का हे विचारायला मजुराची बायको रात्रभर प्रवास करून मुंबईला जाईल का? ती विचारते ते शेजारच्या माणसाला, आणि शेजारचा माणूस बहुधा एजंटाचा मेहुणा निघतो. केरळने यासाठी १९९६ मध्येच स्वतंत्र प्रवासी खाते काढले आणि पुढे ‘नॉर्का रूट्स’ ही संस्था उभी केली.

जगात अशा बैठका इतरत्रही आहेत, फक्त तिथे त्यांना नाव आहे. हाँगकाँगच्या सेंट जॉन कॅथीड्रलच्या आवारात १९८१ पासून स्थलांतरित कामगारांसाठी मदतीचे केंद्र चालते. रविवारी सुटी असते, फिलिपाइन्स-इंडोनेशियाच्या घरकामगार बाया शहरात एकत्र जमतात. लंडनमध्ये ‘कलायान’ नावाची संस्था १९८७ पासून अशाच बायांचे व्हिसा आणि पगाराचे प्रश्न सोडवते. आम्हाला वाटते, फरक एवढाच की ती केंद्रे बाई पोहोचलेल्या गावात आहेत. आमची ही खोली बाई जिथून निघते त्या गावात आहे. निघण्याआधी कागद वाचला गेला तर पुढची निम्मी केंद्रे ओस पडतील.

सर काय पाहतात, ते आम्ही वहीत टिपून आणले. एजंटाचा सरकारी परवाना क्रमांक आहे का, कारण परवानाधारकांची यादी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कुणालाही पाहता येते. त्याची फी किती, कारण कायद्याने कमाल ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच घेता येते. लाखांत मागत असेल तर बोलणे तिथेच संपवावे. मंजुरीने जाणाऱ्याचा ‘प्रवासी भारतीय बीमा’ आहे का. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. प्रवासी सहायता केंद्राचा मोफत नंबर १८०० ११ ३०९० एका कागदावर लिहून ते मुलीच्या नव्हे, आईच्या हातात देतात. मुलीचा फोन काढून घेतात, आईचा कोण काढून घेणार?

आणि झेरॉक्स. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, करार, मालकाचा नंबर. एक प्रत आईकडे, एक त्या पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये. आम्ही त्या फायली मोजल्या नाहीत, मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

असर जवळ आली तसे दार लोटायच्या बेतात असताना एक तरुणी वडिलांबरोबर आली. अंगावर नीट इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकची फाईल. जीएनएम झालेली, एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. तिला रेशनकार्डात काही लपवायचे नव्हते. आनंदाने आली होती. ब्रिटनमध्ये वृद्धाश्रमात ‘केअर वर्कर’ची नोकरी लागली होती, ऑफर लेटर आले होते, सरांनी इंग्रजी एकदा पाहून द्यावे एवढेच काम. वडिलांनी खिशातून पेढे काढून टेबलावर ठेवले. एजंटाने एकूण नऊ लाख सांगितले होते. दीड लाख देऊन झाले होते.

सरांनी पत्र दोनदा वाचले. मग त्या झेरॉक्सवाल्याला ब्रिटन सरकारचे संकेतस्थळ उघडायला सांगितले. केअर वर्करचा रस्ता तिथे २०२२ मध्ये उघडला, भारतातून खूप माणसे गेली, त्यांत लबाड मालकही निघाले. व्हिसा मालकाशी बांधलेला. मालकाचा परवाना गेला की साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा, अशी तिथल्या कित्येकांची गत झाली. मार्च २०२४ पासून कुटुंब बरोबर नेता येईना. आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणेच बंद झाले. मुलीच्या पत्रावरची तारीख त्यानंतरची होती.

“म्हणजे पत्र खोटे?” वडिलांनी विचारले.

“नोकरी खोटी असेल की एजंट, ते मी नाही सांगू शकत,” सर म्हणाले, “पण या कागदावर हा व्हिसा आज निघत नाही, भाई.”

मुलगी लॅपटॉपकडे पाहत राहिली. ती शिकलेली होती, तिने स्वतः पुढे होऊन ते पान वाचले, खालपर्यंत. सर तिला सांगत होते की परिचारिका म्हणून जायचा रस्ता अजून आहे. त्याला इंग्रजीची परीक्षा लागते, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, वर्ष-दीड वर्ष जाईल, पण तो रस्ता खरा आहे. ती मान हलवत होती, ऐकत होती असे वाटले नाही. वडील एजंटाचा नंबर लावत होते. लागत नव्हता.

बाकावरची ती उठली, मुलीजवळ गेली आणि विचारले, “दीड लाख कसे दिले? रोख की खात्यात?”

“निम्मे खात्यात.”

“मग त्याचा कागद काढा बँकेतून. उद्याच. त्याने नंबर बंद करायच्या आधी सगळे मेसेज पण उतरवून ठेवा.” आणि झेरॉक्सवाल्याला म्हणाली, “भाई, याच्या दोन प्रती काढ. एक फाईलमध्ये लाव.”

पेढे टेबलावर तसेच होते. खालांनी पुडी उचलून वडिलांच्या हातात परत दिली, घरी लहान पोरे असतील म्हणून. आम्ही फळ्याजवळचा पंखा बंद केला. अजान झाली, शिंप्यांची यंत्रे थांबली. सोमवारी पोलीस ठाण्यात कोण बरोबर जायचे, यावर खोलीत बोलणे चालूच होते. सर म्हणाले मी येतो. बाकावरची म्हणाली, मीही येते.